सध्या मुक्काम विश्रामबाग

विश्रामबाग, सांगली
रविवार, ८ डिसेंबर २०२४

प्रिय क्रांती वहिनी,

तुम्हाला आणि दादांना नमस्कार. आईला सांगा, दीपमाला पाया पडते आणि गोळ्या वेळेवर घे म्हणते. एवढं तिला मोठ्यानं वाचून दाखवा. पुढचं मनात वाचा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाला असाल. पण तुमचा फोन स्पीकरवर असतो. तुम्ही चुलीपाशी, आई कॉटवर, दादा दारात, असे सगळे मिळून माझ्याशी बोलता. एरवी मला ते आवडतं. आज फक्त तुमच्याशी बोलायचं आहे.

सिद्धनाथाच्या रथाला यंदाही येता आलं नाही. सोमवारी रथ आणि मंगळवारी यांचं डायलिसिस. संयोगितानं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. गुलालात कोण कुठला ते ओळखू येईना, दादा तेवढे मिलिटरीच्या टोपीवरून ओळखले. हे बरे आहेत. मंगळवार-शुक्रवार पहाटे सहाला आमच्याच हॉस्पिटलात मशीनवर असतात आणि अकराला शाळेत जाऊन कारकुनी करतात. ती सहाची वेळ मिळाली म्हणून नोकरी टिकली. तुम्ही दिलेली बाजरी संपत आली. इथल्या बाजरीची भाकरी थापताना चिरते.

तुमची कंबर कशी आहे?

आता कामाचं. संयोगिताला १९ तारखेला ऑपरेशनला आणू नका. आमचे डॉक्टर सर त्या आठवड्यात बाहेरगावी आहेत. नवी तारीख मी कळवीन. तोवर तिला नक्की काय होतंय ते मला सविस्तर लिहा. किती महिन्यांपासून, किती दिवस अंगावरून जातं, रक्त तपासलं होतं तेव्हा किती भरलं. ती तुमची जाऊ असली तरी तुम्ही तिला लेकीसारखी सांभाळता, म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक असणार. हे सगळे रकाने फॉर्मवर असतात, पण ते मी आजवर हॉस्पिटलात बसूनच भरत आले. तिचं वय एकतीसच आहे ना?

आणखी एक. सरकारी उपचार योजनेच्या कामासाठी एक मॅडम हॉस्पिटलात येऊन गेल्या. काळजीचं काही नाही. पण कुणी फोन करून विचारलं, की आशाताई, तुम्ही आजवर कुणाकुणाला घेऊन सांगलीला गेला होता, तर लगेच सांगू नका. आधी मला कळवा.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. चोरानं लिहावं तसं झालं आहे. तरी राहू देते.

अंगातून वाफा येतात म्हणत होता, त्या थांबल्या का? झोप लागते का? दहा-दहा घरं फिरताना मधे कुठे बसत चला. लोक काही म्हणत नाहीत.

तुमची वन्सं,
दीपमाला


विश्रामबाग, सांगली
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

वहिनी,

परवा फोनवर तुम्ही जे बोललात ते मी रोजनिशीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे. "आवं वन्सं, तुमी लिवता सर गावाला चालल्यात. आन दवाखान्यातली पोरगी फोनवर म्हनती, एकोनीसला सकाळी उपाशी पोटी घिऊन या. सर दोन हायत का?"

मागून आई हसली. तुम्ही हसला नाहीत.

मग तुम्ही म्हणालात, "आनू नका म्हनताय तर मग न्यायची कुठं, ते बी लिवायचं की. पत्र तर चांगलं दोन पानी हाय."

सर कुठेही जाणार नव्हते. मी खोटं लिहिलं. आता खरं लिहायला बसले आहे, पण ते सरळ येईल असं वाटत नाही. थोडं फिरून येईल.

त्या मॅडमचं नाव प्रांजल. वयानं लहान, नम्र, हातात लॅपटॉप. सर राउंडला गेले होते म्हणून त्या माझ्याच टेबलापाशी बसल्या. त्यांनी एक नकाशा उघडला. सांगली, सातारा, प्रत्येक तालुका वेगळ्या रंगाचा. रंग म्हणजे हजार माणसांमागे योजनेतून उपचारांवर झालेला खर्च. सांगली-मिरजेचा भाग गडद तपकिरी होता. कराड-मलकापूरचा भागही तसाच. माण तालुका जवळजवळ पांढरा होता. तुमचं गाव त्या पांढऱ्यात होतं. मी बोट ठेवून पाहिलं.

मॅडमनी मला विचारलं, "सांगलीच्या बायका जास्त आजारी असतात का हो?"

सहा वर्षांपूर्वी मी चटकन 'हो' म्हणाले असते. पाणी, उसातली कामं, काहीतरी कारण शोधलं असतं. आता तसं म्हणवेना. २०२१ साली हॉस्पिटलचा दुसरा मजला झाला. वीस खाटांच्या छत्तीस झाल्या. पुढच्या वर्षी गर्भपिशवी काढण्याची ऑपरेशनं दुप्पट झाली. बायका त्याच होत्या. सरांनी कुणाला घरून ओढून आणलं नाही. खाट रिकामी असली की जिला 'बघू, थांबू' म्हणता आलं असतं, तिलाही 'काढून टाकू' म्हणणं सोपं जातं, इतकंच. हे मी आकड्यांवरून सांगते आहे. सरांच्या मनातलं मला माहीत नाही.

"आणि माणमधल्या?" मी विचारलं.

"त्या तब्येतीनं बऱ्या असतील. नाहीतर सोसत असतील. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की तुमच्या बाजूच्या सरकारी दवाखान्यातलं स्त्रीरोगतज्ज्ञाचं रिकामं पद आता दुसरीकडे हलवायचं चाललं आहे. तिकडून मागणीच दिसत नाही म्हणून. मार्चपर्यंत ठरेल.

नंतर त्यांनी एक यादी काढली. म्हणाल्या, "एक नवल सांगू? इथून जवळच एका फ्लॅटमध्ये सहा वर्षांत अकरा बायकांची पिशवी काढली आहे. स्नेहबंध अपार्टमेंट, फ्लॅट नंबर सात. केवढा असेल हो तो फ्लॅट?"

मी म्हणाले, "दोन खोल्यांचा. माझाच आहे."

त्या अकरांत पहिल्या तुम्ही आहात, वहिनी.

आठवतं का बघा. २०१८ चा डिसेंबर. बाहेरच्या जिल्ह्यातली बाई असली की आमच्या योजनेच्या फॉर्मला तिकडच्या सरकारी दवाखान्यातल्या तज्ज्ञाची चिठ्ठी लागायची. तुमच्याकडे ते पद तेव्हाही रिकामं होतं. चिठ्ठीसाठी साताऱ्याला दोन हेलपाटे मारायचे आणि मग इकडे यायचं. फॉर्मवर 'सध्याचा मुक्काम' असा एक रकाना असतो. मी तिथे माझा पत्ता लिहिला. माहेरचं माणूस नणंदेकडे उतरलं, तर मुक्काम नणंदेचाच की. दोन रात्री तुम्ही खरंच आमच्या हॉलमध्ये झोपला होता. खोटं कुठं आहे, असं मी स्वतःला विचारलं आणि कुठंच नाही असं उत्तरही दिलं.

मग तुम्ही हरणाबाईंना आणलंत. मग जरिनाभाभींना. प्रत्येकीला मी तोच पत्ता लावला. बाया जाताना म्हणायच्या, ताईंच्या घरचा पत्ता लागला म्हणून झालं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मोठेपणा वाटायचा. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही, की बाई इकडे लिहिली गेली म्हणजे तिकडून पुसली गेली. तुमचा तालुका पांढरा राहिला त्यात माझं अक्षर आहे. अकरांनी एवढा मोठा तालुका पांढरा होत नाही, हे मला कळतं. पण माझ्यासारख्या टेबलांपाशी बसलेल्या सासुरवाशिणी सांगली-मिरजेत किती असतील?

सरांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "मॅडम, ती बाई साडेतीन तास एसटीत बसून येते. मी तिला गोळ्या देऊन महिन्यानं परत ये म्हटलं, तर ती येणार आहे का? मी तिचा त्रास एकदाच संपवतो." मग त्यांनी एक मसुदा टाईप करून माझ्यापुढे ठेवला. 'सदर महिला माझ्या नात्यातील असून उपचारकाळात व त्यापूर्वी त्या माझ्याकडे वास्तव्यास होत्या.' त्याखाली माझं नाव. बुधवारी, १८ ला, तो द्यायचा आहे.

सही केली की प्रकरण मिटतं. पांढरा भाग पांढरा राहतो.

नाही केली तर अकरा फायली उघडतात. प्रत्येक फॉर्मवर 'सोबत आलेली व्यक्ती' म्हणून तुमचं नाव आहे. तुमचं आशाचं काम जाऊ शकतं. माझी नोकरी तर जाईलच. आणि मंगळवार-शुक्रवार हे ज्या खोलीत हात पुढे करून झोपलेले असतात, ती खोली त्याच इमारतीत आहे. दुसरीकडे मशीन मिळेल, सांगलीत मशीनना तोटा नाही. पण दुपारचं मिळेल, आणि मग यांची शाळा संपली. बघा, ज्या गडद रंगाबद्दल मी एवढं लिहिलं, त्याच रंगावर माझं घर चाललं आहे. तुमच्याकडे म्हसवडला सासर असतं तर हे एव्हाना नसते.

एवढं सांगूनही मी मुख्य गोष्टीपाशी आलेली नाही. तुम्हाला ते कळलं असेल.

फायली उघडल्या की त्यात तुमचा रिपोर्ट निघेल. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, त्याचा. तो तुम्ही घरी गेल्यावर आला होता. मी रोजनिशी काढून पाहिली. २० डिसेंबर २०१८. 'वहिनींचा रिपोर्ट आला. फोन केला. रात्री पावभाजी.' एवढंच आहे.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, की पिशवीत आणि अंडाशयांत कोणताही दोष आढळला नाही. मी तो वाचला. दोनदा वाचला. तुम्हाला फोनवर म्हणाले, "वहिनी, रिपोर्ट चांगला आला." तुम्ही सिद्धनाथाला नारळ फोडलात. आळीत पेढे वाटलेत.

तुम्ही छत्तीस वर्षांच्या होता, आणि पिशवीबरोबर अंडाशयंही गेली होती. तुमच्या कमरेचं, वाफांचं, झोपेचं मी दर वेळी विचारते ते त्यामुळे. तुम्हाला वाटायचं, नणंदेचा जीव आहे. जीव आहेच. पण विचारते ते त्यामुळे.

इतर दहांपैकी हरणाबाईंची गाठ नारळाएवढी होती, त्यांचं ऑपरेशन झालं नसतं तर त्या आज नसत्या. आणखी तिघींची गरज होती हे मी छातीवर हात ठेवून सांगते. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. तुमच्यानंतर मी रिपोर्ट वाचायचेच बंद केले.

संयोगिताला म्हणून आणू नका म्हणते. मग न्यायची कुठं, ते अजून शोधते आहे.

तुमचा रिपोर्ट मी काढून ठेवला आहे. मागाल तेव्हा देईन.

दीपमाला


शुक्रवार, २० डिसेंबर २०२४
डायलिसिसच्या खोलीतून

वहिनी,

हे शेजारी मशीनवर आहेत. मी स्टुलावर बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. चार तासांतला एक गेला. हे पत्र रविवारी संयोगिता घेऊन येईल. तिला सलाईनमधून लोह द्यायचं आहे, पहिली बाटली काल झाली, दुसरी उद्या. काल दुपारी तुम्ही सर्व्हेसाठी म्हणून घाईनं निघून गेलात. सर्व्हे सोमवारी आहे, संयोगितानं सांगितलं. मी काही म्हणत नाही.

जे झालं ते मी पुन्हा लिहून काढते आहे. तुम्हाला माहीत आहे, तरी. माझ्या हातून ते कसं झालं हे मला माझ्या अक्षरात बघायचं आहे.

बुधवारी दुपारी दोन वाजता मी सही केली.

सकाळपासून दोन कागद पर्समध्ये होते. एक सरांचा, एक माझा. माझा मी चार वेळा लिहिला होता. शेवटी सरांच्या कागदावर सही केली आणि मनात म्हटलं, हे वहिनींसाठी. त्यांचं काम राहील. मग म्हटलं, यांच्यासाठी. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही माझ्याच सोयीचं होतं. सरांनी कागद घेतला आणि म्हणाले, "साहेबांची पहाटेची वेळ आता कायमची धरा."

पाच वाजता दार वाजलं. तुम्ही आणि संयोगिता. संयोगिताचे ओठ पांढरे पडले होते. तुमच्या हातात आशाची डायरी होती आणि डायरीत ताव. तुम्ही पाणीही न घेता तो माझ्यापुढे धरलात. 'आम्ही खाली सह्या करणार माण तालुक्यात राहतो. ऑपरेशन सांगलीला झालं कारण इकडे बाईचा डॉक्टर नाही. पत्ता दीपमालाताईंचा, दुखणं आमचं.' खाली नऊ सह्या, दोघींचे अंगठे.

माझं पत्र मंगळवारी सकाळी मिळालं आणि दुपारपासून तुम्ही दारोदार फिरलात. त्या कमरेनं.

संयोगिता म्हणाली, "हरणाकाकू म्हनल्या, माजा आंगठा दोनदा लावा. येक माजा आन येक पिशवीचा. ती बी सांगलीचीच झाली आता." ती हसली. मला हसू आलं नाही, तेव्हा तीही थांबली.

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. "सही केली जनू."

"दुपारी."

"किती वाजता?"

"दोनला."

"दोनला आमी विट्यात हुतो. येष्टी फलाटाला लागली हुती." तुम्ही डायरी मिटलीत. "येक फोन करायचा हुता, वन्सं."

मी म्हणाले, तुमचं नाव अडकलं असतं, काम गेलं असतं, म्हणून.

तुम्ही आवाज चढवला नाहीत. "माज्या नावाची काळजी बी तुमीच केली. पत्त्याची बी तुमीच केली हुती. रिपोर्टाची बी. मला कुनी इचारलंच न्हाई कवा."

मग आत गेलात आणि मीठ कुठं ठेवलंय ते विचारलंत. मी उभी राहिले. तुम्ही पिठाचा गोळा मळत होता, पाठ माझ्याकडे. म्हणालात, "मला वाटायचं माज्यात काय तरी लय वंगाळ हुतं आन ते निघालं. सा वर्सं झाली, रोज दिवा लावताना नाथाला म्हनती, तू वाचीवलंस. आता त्येला काय सांगू? चूक झाली, तसं काय नव्हतंच?"

मी तवा पुसून गॅसवर ठेवला. यांनी जेवताना दोनदा भाकरी छान झाली म्हटलं, आणि तुम्ही त्यांच्या ताटात आणखी अर्धी वाढलीत. त्यांना तेव्हा काही माहीत नव्हतं.

काल, १९ तारखेला, संयोगिताला आपण आमच्या हॉस्पिटलात न नेता मिरजेच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाऊण तास घेतला. म्हणाल्या, पिशवीला काही झालेलं नाही, ती काढायची नाही. रक्त फार कमी आहे, ते वाढवू. या गोळ्या तीन महिने, आणि दर महिन्याला मला येऊन दाखवायचं.

संयोगिता म्हणाली, "दर महिन्याला?"

तिची दोन्ही पोरं शाळेतली, नवरा राजस्थानात बॉर्डरवर, आणि आमची आई. आई काय म्हणेल ते तुम्ही तिथंच म्हणून दाखवलंत: "अगं एवढं हेलपाटं घालन्यापरीस काढून टाक आन मोकळी हो." हुबेहूब तिचा आवाज. डॉक्टरीणबाई हसल्या आणि विचारलं, "तिकडे जवळपास कुणी नाही का दाखवायला?"

तुम्ही गोळ्यांची चिठ्ठी घडी करून डायरीत ठेवलीत. मी काय सांगणार होते? तिकडे कुणी आजारीच पडत नाही, मी कालच तसं सही करून दिलंय.

सर बरोबर म्हणत होते, हेच मला पचत नाही. जिला महिन्यानं परत येता येत नाही, तिच्यासाठी पिशवी काढणं हाच सोपा उपाय होतो. ती तिकडे सोसते तेव्हा कागद कोरा राहतो, आणि सोसेनासं झालं की इकडे येऊन नको तेवढं करून घेते. मधलं काही नाही. मधलं असायला तुमच्या गावाजवळ एक बाईचा डॉक्टर हवा. तेवढंच.

काल संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे सकाळच्या मशीनसाठी फाईल काढून ठेवत होते. मग म्हणाले, "तू मला मधे घालू नकोस." मी विचारलं, म्हणजे काय? "म्हणजे माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नकोस." एवढंच. त्यात परवानगी आहे की राग आहे, मला कळलं नाही. आत्ता डोळे मिटून पडले आहेत, पण जागे आहेत. मी काय लिहितेय ते त्यांना माहीत आहे.

तुम्ही जाताना तो सह्यांचा ताव माझ्या डब्यांच्या फळीवर ठेवून गेलात. विसरलात असं मी म्हणणार नाही. मी तो तुमच्याकडे परत पाठवते आहे.

रागावण्याआधी पुढचं वाचा. संयोगिताच्या हातातल्या कापडी पिशवीत एक मोठं पाकीट आहे. वर प्रांजल मॅडमचं नाव आणि त्यांच्या कचेरीचा पत्ता माझ्या अक्षरात आहे. आत तुमचा ताव, तुमच्या रिपोर्टची प्रत, आणि माझा कागद. पाचव्यांदा लिहिलेला. बुधवारचा कागद खोटा होता, अकरा जणींचा पत्ता मी माझ्या मनानं घातला, आशाताईंनी तो घातला नाही आणि मी त्यांना तसं विचारलंही नव्हतं, असं त्यात आहे. खाली सही आहे. तारीख आजची. माझा हा कागद पोचला की मला काही लपवता येणार नाही, आणि मागेही घेता येणार नाही.

पाकीट चिकटवलेलं नाही. पोस्टाची तिकिटं लावली आहेत. पाठवायचं की नाही ते तुम्ही अकरा जणी बसून ठरवा. फायली उघडल्या तर तुमच्या कामाचं काय होईल, हे मी नक्की सांगू शकत नाही. तुमचा रिपोर्ट चार लोक वाचतील, तेही तुम्हाला नको असेल. तो काढून ठेवायचा तर काढून ठेवा. चुलीत घालायचं असलं तर सगळंच घाला. मी विचारणार नाही. पद मार्चमध्ये हलवतील, एवढं ध्यानात असू द्या.

मीच इथून का पाठवत नाही, असं तुम्ही म्हणाल. पोस्ट ऑफिस आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. काल रात्रभर मी हेच विचारत होते. तुम्हाला न विचारता आणखी एक गोष्ट करायची नाही, हे खरं. माझी छाती होत नाही, हेही खरं. यातलं कुठलं किती, ते मला वेगळं करता येत नाही. तुम्हाला येत असेल.

सिस्टर आल्या, मशीनचे आकडे लिहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "काय मॅडम, साहेबांची वेळ पक्की झाली ना?" मी 'हो' म्हणाले. मंगळवारी पहाटे सहाला आम्ही इथे असू. पुढच्या शुक्रवारीही. पाकीट पोचेपर्यंत.

पाकिटावर डाव्या कोपऱ्यात 'प्रेषक' लिहून पुढे जागा सोडली आहे. तिथे सवयीनं माझा पत्ता घालू नका. तुमचं नाव घाला, गाव घाला, तालुका माण घाला.

या पत्राच्या वरही मी या वेळी पत्ता घातलेला नाही. तो तुम्हा अकरा जणींना पाठ आहे.

खाली नुसतं नाव लिहिते. वन्सं म्हणायचं की नाही, ते तुमच्याकडे राहू दे.

दीपमाला